पाल चुकचुकली नाही

सारिका सुतारच्या डोक्यात एक पाल होती. असं तिचे वडील म्हणायचे, आणि साइटवरच्या सगळ्यांनी ते कधीचंच मान्य करून टाकलं होतं. स्लॅब भरायच्या आधी सारिका वर चढायची, लोखंडाच्या जाळीवरून हलक्या पायांनी फिरायची, आणि मध्येच कुठंतरी गप्प उभी राहायची. "झालं! बोलली बाईंची पाल," म्हणत कुणीतरी कपाळाला हात लावायचा. मग दहा मिनिटं शोधाशोध. आणि सापडायचंच काहीतरी! कधी चार सळया तारेनं बांधायच्या राहिलेल्या, कधी एखादा टेकू भुसभुशीत मातीवर उभा केलेला. अकरा वर्षांत ही पाल उगाच चुकचुकली, असं फार तर चार-पाच वेळा झालं असेल.

तिचे वडील म्हणजे महादू मिस्त्री. कराड-ओगलेवाडी भागात सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू उभे करायच्या कामात त्यांचं नाव होतं. सारिका त्यांना अण्णा म्हणायची. दहावीच्या सुट्टीत ते तिला साइटवर घेऊन गेले, ती तिथलीच होऊन बसली. सिव्हिलचा डिप्लोमा अर्धा सोडला, लग्न झालं, तरी साइटवर ती सुतारबाईच राहिली. शिरोळकर बिल्डरांकडे सुपरवायझर, आणि सेंटरिंगचा ठेका अण्णांचा. बापलेकीची जोडी बघायला लोकांना मजा यायची. दिवसभर भांडायची आणि डबा एकत्र खायची.

अण्णांचा एक रिवाज होता, तो गॅलरीच्या बाबतीत. स्लॅबला खालून भिंतींचा, तुळयांचा आधार असतो. गॅलरी मात्र इमारतीतून नुसता हात बाहेर काढावा तशी उभी असते, आणि तिला धरून ठेवते ती वरच्या अंगाची सळई. ही सळई वरच राहावी म्हणून तिच्याखाली लोखंडाच्या छोट्या चेअर ठेवतात. काँक्रीट ओतताना एखादा गडी त्या सळईवर पाय रोवून उभा राहिला, चेअर चपटली आणि सळई चार बोटं खाली गेली, तर तिचा उपयोग संपला. वाईट हे की, ते बाहेरून दिसत नाही. काँक्रीट घट्ट होतं, गिलाव्याची तयारी होते, आणि खाली टेकू आहेत तोवर गॅलरी ऐटीत उभी राहते. टेकू काढल्यावरच काय ते कळतं.

म्हणून गॅलरीचा शेवटचा टेकू अण्णा स्वतःच्या हातानं काढायचे. गड्यांना लांब उभं करायचे. आणि ज्यानं 'भरा' म्हणून सांगितलं असेल, त्यानं त्या वेळी अण्णांच्या शेजारी गॅलरीखाली येऊन उभं राहायचं. मोठमोठे इंजिनिअर तिथं घाम पुसताना सापडायचे. सारिका मात्र बिनधास्त जाऊन उभी राहायची. अण्णा हातोडा उचलायचे आणि विचारायचे, "बोलली का गं पाल?" ती म्हणायची, "नाही अण्णा." मग टेकूच्या बुडातल्या पाचरीवर हातोडा पडायचा.

सगळं चांगलं चाललं होतं. पण चांगलं चाललंय म्हणून माणूस कधी गप्प बसतो का? दर दोन वर्षांनी शिरोळकर नवा प्रोजेक्ट मॅनेजर आणायचे, चोवीस-पंचवीस वर्षांचा, हातात पदवी. सारिकानं त्याला काम शिकवायचं आणि त्यानं तिला "मॅडम, जरा चहाचं बघा" म्हणायचं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा अण्णाच भडकले.

"तू का न्हाई हुत मॅनेजर? आं? काय कमी हाय तुझ्यात?"

"डिग्री कमी आहे, अण्णा."

"मग घे की. आता घरात बसून मिळतीया म्हनं. त्यो शिडी का काय कोर्स हाय, भोसल्याच्या पोरानं केला. टेबलावर बस जरा. बापानं जन्मभर फळ्या ठोकल्या, लेकीनं कागदावर बिल्डिंगा काढाव्या, एवढंच माझं म्हननं हाय."

अशा रीतीनं अण्णांनीच तिला त्यात घातली. हे पुढं सारिकाला रोज आठवायचं.

'शिडी'चा कोर्स आठ महिन्यांचा होता, इमारतींचं डिझाइन आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट, दोन्ही मिळून. एक टॅबलेट आला आणि त्यासोबत कपाळाला लावायची एक मऊ पट्टी. सगळी करामत त्या पट्टीत होती. माणसाच्या हातून चूक झाली की मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागात एक बारीक विद्युतलहर उठते, चूक झाल्यापासून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात. तोवर त्या माणसाला चूक झाल्याचा पत्ताही नसतो. त्याला कळायच्या आधी त्याच्या मेंदूला कळलेलं असतं. शास्त्रज्ञांना ही लहर फार वर्षांपासून ठाऊक होती, पण ती टिपायला दवाखान्यातली यंत्रं लागायची. शिडीवाल्यांनी ती बोटभर पट्टीत आणली.

मग शिकवणं कसं व्हायचं? सारिका टॅबलेटवर तुळईचा आराखडा काढायची. एखादी रेघ चुकली की लहर उठायची, पट्टी ती टिपायची, आणि कोर्समधली बाई, म्हणजे नुसता आवाज, गोड मराठीत म्हणायची, "इथं जरा थांबू या का, सारिका?" नेमकं तिथंच. जे येतंय त्यावर एक मिनिट वाया नाही, जे येत नाही ते सुटायचं नाही. शाळेत बीजगणिताला घाबरणारी सारिका तीन महिन्यांत भार, ताण, वाक यांची गणितं सोडवायला लागली. तिला स्वतःचंच नवल वाटायचं. अशी शिक्षिका तिला लहानपणी मिळाली असती, तर आयुष्य वेगळं झालं असतं, असं तिला मनापासून वाटे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एका रविवारी अण्णा घरी आले आणि हट्टानं पट्टी लावून बसले. टॅबलेटवर एका साइटची चित्रं यायला लागली. लहर उठली की 'टुंग' असा आवाज व्हायचा. अण्णांच्या डोक्यात नुसतं टुंग-टुंग-टुंग सुरू झालं. ह्या चित्रात टेकू वाकडा, त्या चित्रात फळीला फट, पलीकडं एक बाई डोक्यावर ओझं घेऊन उघड्या डक्टशेजारून चाललेली. शेवटी गोड आवाजात निकाल आला, "आपल्याला अजून सरावाची गरज आहे."

"नापास!" अण्णा टाळी वाजवून हसले. "चाळीस वर्सं सेंटरिंग करून म्या नापास! अगं, पाल न्हाई, पालींचं गाव हाय माझ्या टकुऱ्यात."

सारिकाही पोट धरून हसली. तिचा नवरा उमेश हसला. अण्णांनी त्या दिवशी दोनदा चहा घेतला.

सहाव्या महिन्यात मॅनेजमेंटचा भाग सुरू झाला, आणि इथं शिडीवाल्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. हजारो यशस्वी मॅनेजरांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. त्यात दिसलं की जो मॅनेजर झटपट निर्णय घेतो, त्याची कामं वेळेत होतात, आणि झटपट निर्णय घेणाऱ्यांच्या डोक्यात ही लहर फार कमी उठते. मग काय, ठरलं! लहर कमी करा, मॅनेजर तयार करा. आधी लहर उठली की शिकवायचे. आता लहर उठली की 'टुंग', गुण कमी. लहर न उठता बोट पुढं गेलं की हिरवा दिवा, गुण जास्त. मेंदू कुत्र्याच्या पिलासारखा असतो, शाबासकी कशाला मिळते ते पटकन ओळखतो. दिवसाला तास-दीड तास असा सराव झाला की तीन-चार आठवड्यांत तो ती लहर सोडायचंच बंद करतो.

आता लहर दोन कारणांनी उठते. एक, 'मला हे येत नाही' म्हणून. दुसरं, 'मला हे येतं, आणि इथं काहीतरी चुकतंय' म्हणून. पट्टीला दोन्ही सारख्याच दिसायच्या, तेवढीच उंच, तेवढ्याच वेळाची. शिडीवाल्यांच्या हे लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी काणाडोळा केला, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. त्यांनी दोन्ही पुसल्या.

सारिकाला पहिल्या दिवशी तासाभरात चाळीस टुंग पडले. महिनाभरानं तीन. शेवटच्या परीक्षेत एकही नाही. बाईचा आवाज म्हणाला, "खूप छान, सारिका! तुझ्या निर्णयाला आता अडथळा उरलेला नाही." प्रमाणपत्र आलं तेव्हा अण्णांनी अख्ख्या साइटला पेढे वाटले. शिरोळकरांनी तिला काचेची केबिन दिली, चार साइट दिल्या, आणि करारात एक अट घातली की कामाच्या वेळेत पट्टी कपाळावर असेल. नोंद ठेवलेली बरी, म्हणाले.

घरात हा बदल पहिल्यांदा उमेशच्या लक्षात आला, आणि तो खूशच झाला. तो शिरवळला कारखान्यात होता, शनिवार-रविवार घरी यायचा. कुठं बाहेर निघायचं म्हणजे सारिका जिन्यातून दोनदा परत जायची, गॅस बंद केला का, मागचं दार लावलं का. उमेश खाली गाडी चालू ठेवून कंटाळायचा. त्या रविवारी ती सरळ उतरली आणि गाडीत बसली.

"गॅस बघून आलीस?"

"बंदच असेल."

"वा! सुटलो बाबा एकदाचा," उमेश म्हणाला.

पण दोन महिन्यांनी त्याच उमेशनं एका संध्याकाळी जेवता जेवता ताट बाजूला सारलं. "सारिका, माझी नोकरी जाऊन तीन आठवडे झाले."

ती बघतच राहिली. "मग दर सोमवारी जातोस कुठं?"

"मित्राच्या खोलीवर. नोकरी शोधतोय. तुला कसं सांगू कळत नव्हतं. मला वाटलं, तुला कळेलच. आधी मी जिना चढायचो त्या आवाजावरून तू ओळखायचीस, आज काहीतरी बिनसलंय. तीन शनिवार आलो-गेलो मी. तुला काहीच कसं वाटलं नाही गं?"

"तू सांगितलं असतंस तर कळलं असतं ना," सारिका म्हणाली. "सांगायचं नाही आणि वर रुसायचं, ह्याला काय अर्थ आहे?"

बोलणं बरोबर होतं. तो उठला आणि हात धुवायला गेला. सारिकाला त्याचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तिनं त्याच आठवड्यात त्याच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला. प्रेम, काळजी, राग, सगळं जागच्या जागी होतं. फक्त न सांगता कळायचं जे काही असतं, ते गेलं होतं, आणि ते गेल्याचंही तिला कळलं नव्हतं. कळणार कशानं? ज्यानं कळायचं तेच तर गेलं होतं.

विद्यानगरच्या पलीकडं माळावर शिरोळकरांची नवी सहा मजली इमारत उभी राहत होती. तिच्या गॅलऱ्यांचं डिझाइन सारिकाचं होतं, कोर्समध्ये केलेलं, तिच्या आयुष्यातलं पहिलं. चांगल्या सहा फूट रुंद गॅलऱ्या. डिझाइनमध्ये खोट नव्हती, हे पुढं चार तज्ज्ञांनी लिहून दिलं. अण्णा तो नकाशा घडी करून खिशात ठेवायचे आणि भेटेल त्याला दाखवायचे, "लेकीनं काढलाय."

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरला त्या दिवशी अण्णा तिथं नव्हते. सारिकाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते तिच्याजवळ बसले होते. सारिका केबिनमध्ये होती. आता चढून बघायची गरज नव्हती. साइटवरचे कॅमेरे दर पाच मिनिटांनी फोटो पाठवायचे, संगणक ते तपासायचा, आणि जिथं त्याचं ठरत नसेल तो फोटो तिच्यासमोर यायचा. खाली एकच प्रश्न असायचा, 'पुढे जायचं?'

दुपारी सव्वातीनला एक फोटो आला. काँक्रीटचा पाइप धरलेला एक गडी गॅलरीच्या जाळीवर उभा होता. गमबूट सळईवर. बुटाखाली सळई किंचित झोल खाल्लेली. शेजारी आणखी दोन गडी, त्यांचेही पाय तिथंच.

सारिकानं तो फोटो बघितला. नीट बघितला, घाईत नाही. गमबूट दिसला, झोल दिसला. वर्षभरापूर्वी असा फोटो बघून ती चपला न घालता धावत सुटली असती, फोनवर ओरडत, "उतरा खाली, उतरा! चेअर बघा!" पण आता ते चित्र तिच्या डोळ्यांतून आत गेलं आणि तिथं शांतपणे बसलं. सकाळच्या मापात सळई बरोबर होती. चेअर वीसच्या वीस लावल्या होत्या. एक पूर्णांक आठ दशांश सेकंदात तिनं 'हो' दाबलं. कपाळावरच्या पट्टीनं नोंद केली की लहर नाही.

तेवीस दिवसांनी, अकराच्या सुमाराला, अण्णांचा फोन आला.

"सारिका, दुसऱ्या मजल्याच्या गॅलऱ्या खोलतोय. चार टेकू निघालं, श्येवटचा ऱ्हायलाय. येतीस न्हवं?"

"अण्णा, माझी मीटिंग आहे आता. नाही जमायचं."

पलीकडं अण्णांनी हातोडा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्या थांबतो की. तासभर थांबतो."

"तासाभरानं मला साताऱ्याला जायचंय. काढा तुम्ही. रिपोर्ट हिरवा आहे."

"त्ये झालं गं. पर खालनं एक फळी काढली तर सळईचा माग दिसतुया. लांबच्या लांब रेघ. वरची सळई इतक्या खाली कशी दिसंल? माझं मन धजंना झालंय. भरलं त्या दिशी म्या नव्हतो, म्हनून इचारतो."

सारिकानं टॅबलेटवर नोंद उघडली. तो गमबुटाचा फोटो समोरच होता. तिनं पुन्हा बघितला.

"खालची जाळी असेल ती, अण्णा. काँक्रीटचं कव्हर जरा कमी पडलं असेल. गिलाव्यात झाकून जाईल."

"बरं. येक सांग." अण्णांचा आवाज एकदम हलका झाला. इंजिनिअरशी बोलायचं सोडून ते लेकीशी बोलायला लागले होते. "पाल बोलली का गं तुझी? तवा न्हाई तर आत्ता?"

सारिकानं खरोखर आत डोकावून बघितलं. बापानं विचारलं होतं, उडवाउडवी करायची नव्हती. आत काहीच नव्हतं. स्वच्छ, निवांत, हिरवं.

"नाही अण्णा. अजिबात नाही."

"मग झालं," अण्णा म्हणाले. "तुझी न्हाई बोलली, मग माझी म्हातारी झाली आसंल."

त्यांनी फोन बंद न करताच खिशात टाकला. पाचरीवर पहिला हातोडा पडलेला सारिकाला ऐकू आला. दुसरा ऐकू आला. मग जो आवाज झाला त्यानं फोन फाटल्यासारखा खरखरला आणि गप्प झाला. सारिकाला आधी वाटलं, रेंज गेली. तिनं परत फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग केबिनच्या काचेतून तिला माळाच्या बाजूला उठलेली धूळ दिसली.

लांब उभे केलेले गडी वाचले. अण्णांना ढिगाऱ्यातून काढायला दोन तास लागले.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. सारिका रडली, खूप रडली. उमेशनं तिला सावरलं. दहावं झालं, तेरावं झालं, आणि चौकशी सुरू झाली. समितीत तिघे होते. त्यांनी सळई मोजली, ती पावणेपाच इंच खाली गेलेली होती. फोटो काढले. मग पट्टीच्या नोंदी मागवल्या. नव्या नियमानं त्या पुराव्यात धरल्या जात होत्या.

सारिका समितीपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. मी तो फोटो बघितला होता. मला शंका आली होती, तरी मी 'हो' म्हटलं."

समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून हळू आवाजात सांगितलं, "बाई, वडील गेलेत, तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो. पण शंका आली असती तर ती इथं दिसली असती." त्यांनी पडद्यावरची रेघ दाखवली. फोटो पुढं आला ती वेळ, फोनची वेळ. दोन्हीकडं रेघ सपाट. "तुम्ही दोन्ही वेळा पूर्ण सद्भावनेनं निर्णय घेतलाय. जाणूनबुजून दुर्लक्ष असं ह्यात कुठंच नाही."

"साहेब, पण मला दिसत होतं!"

"दिसणं म्हणजे कळणं नव्हे. कायदा कळण्याला धरतो."

अहवाल आला. व्यवस्थापक निर्दोष. सेंटरिंगचे ठेकेदार महादू सुतार, वय सदुसष्ट, यांना सळईचा माग दिसला असूनही, मनात शंका असूनही, जबाबदार व्यक्ती हजर नसताना त्यांनी टेकू काढला. त्यांच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. मेलेल्या माणसाच्या नावावर सगळं टाकून कागद बंद झाला.

शिरोळकरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सारिकाला बोलावून घेतलं. "ताई, झालं ते वाईटच झालं. पण ह्या पट्टीनं आपल्याला वाचवलं बघा. पुढच्या महिन्यापासून सगळ्या सुपरवायझरांना शिडी कंपल्सरी करतोय मी. ज्याच्या डोक्यात शंका नाही त्याच्यावर केस नाही." ते एकटेच नव्हते. कोल्हापूर, सांगली, पुणे, सगळीकडचे बिल्डर हेच करायला लागले होते. शिडीवाल्यांनी जाहिरातीत नवी ओळ घातली, 'निर्दोष निर्णय, कायदेशीर संरक्षणासह.'

सारिकानं राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शिडीच्या पुण्यातल्या ऑफिसात गेली. काउंटरवरचा तरुण नम्र होता.

"मला ते परत पाहिजे," ती म्हणाली.

"काय परत पाहिजे, मॅडम?"

"तुम्ही जे काढून घेतलंत ते."

"मॅडम, आम्ही काढत नाही काही. शिकवतो. तुम्ही शिकलात. आता सायकल चालवायला शिकलेल्या माणसाला आम्ही ती विसरायला कसं लावणार?" त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "तुम्हाला पुढचा ॲडव्हान्स कोर्स हवा असेल तर तुमच्यासाठी सवलत आहे."

आठवडाभरानं ती ओगलेवाडीला आईकडं गेली. आई एकटीच होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून काळा चष्मा. तिनं पिठलं-भाकरी केली, लेकीला वाढलं, आणि समोर भिंतीला टेकून बसली.

"बाजारात गेलते," आई म्हणाली. "लोक लई बोलत्यात. मिस्त्रीचं डोकं चालंनासं झालं हुतं म्हनं. सळई दिसत हुती तरी टेकू काढला. शिंद्यांची सून मला तोंडावर म्हनाली, आजी, म्हातारपनी घरी बसवायचं हुतं की त्यास्नी."

सारिकानं भाकरीचा तुकडा मोडला.

"त्यो मला दवाखान्यात म्हनला हुता, सारिकाला जे कळतं ते कुनाला कळत न्हाई. आन् त्या दिवशी तुला इचारूनच काढला ना टेकू? गड्यांनी सांगितलं मला. फोनवर इचारत हुता म्हनं." आईनं चष्मा काढला. डोळा लाल होता. "मला खरं सांग. तुला काय वाटलं हुतं? का काहीच वाटलं न्हवतं? काहीच वाटलं नसंल तर मग लोक म्हनत्यात त्येच खरं. कशावर तरी उगाच इस्वास ठेवून बसला म्हातारा आन् येड्यावानी मेला."

सारिकाच्या हातातला घास तसाच राहिला. खरं सांगितलं तर ती निर्दोष होती, समितीनं शिक्का मारून दिल्याप्रमाणं. खरं सांगितलं तर आई तिला जवळ घेऊन रडली असती, आणि अण्णा वेडे ठरले असते. चाळीस वर्षं ज्यांनी एक गॅलरी पडू दिली नाही, ते अण्णा.

"वाटलं होतं, आई," ती म्हणाली. "फोटो बघितला तेव्हाच वाटलं होतं. अण्णांनी विचारलं तेव्हाही वाटलं. अण्णांचं काही चुकलं नाही. त्यांनी बरोबर माणसाला विचारलं. मी खोटं बोलले. मला मीटिंगला जायचं होतं."

आईनं चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. मग तिची मान हळूहळू ताठ झाली. भिंतीला धरून ती उठली, सारिकासमोरचं भरलं ताट उचललं, आणि आत निघून गेली. आतून तिचा आवाज आला, "जाताना दार वढून घे."